हवेची उशी आणि अंजनवेलची गोधडी

रत्नागिरी,
१८ जानेवारी १९८४

ती. सौ. अक्का हिच्या पायांशी,

भिकाजीचा साष्टांग नमस्कार. (वाकायला अजून मनाई असल्यामुळे हा नमस्कार उभ्या उभ्या, मान ताठ ठेवून केला आहे. आठही अंगे जमिनीला लागली असे तू समजून घे. लहानपणी मी नुसते टेकल्यासारखे करून पळायचो तेव्हाही तू समजून घ्यायचीस.)

तुझी कंबर कशी आहे? बारा दिवस इस्पितळातल्या त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून ती धरली होती, ती सुटली की अजून धरलेलीच आहे ते कळव. इकडे सर्व क्षेम. गेल्या महिन्यात मला चष्मा मिळाला. सोड्याच्या बाटलीचे बूड कापून दोन्हीकडे बसवावे तसा आहे. त्यातून तुझी भावजय मथुरा पूर्वीच्या दीडपट दिसते, त्यामुळे मी तिच्याशी पूर्वीच्या दुप्पट अदबीने वागतो. शेजारच्या आप्पांना पहिल्यांदा त्यातून पाहिले तेव्हा इतका मोठा माणूस आपल्या सोबतीला होता आणि आपल्या काही उपयोगी पडला नाही याचे नवल वाटले. नव्या डोळ्याने पहिले पत्र अक्काला लिहायचे हे मी इस्पितळात पडल्या पडल्याच ठरवले होते. उशीर झाला खरा. त्याचे कारण पुढे येईलच.

आता मुद्द्याचे. माझी एक गंभीर तक्रार आहे, ती तू भावोजींच्या कानावर घालावीस. कोर्टात एकवीस वर्षे दुसऱ्यांच्या तक्रारींच्या नकला करून माझी बोटे झिजली, स्वतःची तक्रार लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा रीतसर लिहितो. विषय: मस्कतहून आलेली, तोंडाने फुंकून फुगवायची, निळ्या रंगाची हवेची उशी, नग एक. सदरहू उशी भावोजींनी मला निघताना स्वतःच्या हाताने दिली आणि 'भिकाजी, ढगावर डोके ठेवल्यासारखे वाटेल' असे तीन साक्षीदारांसमक्ष सांगितले. सदरहू उशीच्या बुचात खोट होती. ही खोट भावोजींना ठाऊक होती की नव्हती या मुद्द्यावर मी त्यांना संशयाचा फायदा द्यायला तयार आहे. पण त्या बुचाने माझ्या डोळ्याला, अब्रूला आणि एका बोटीच्या सबंध डेकला जे भोगायला लावले ते तू सविस्तर ऐकलेच पाहिजेस.

डॉक्टरांनी निघताना काय बजावले ते तू ऐकलेच होतेस. खोकू नका, शिंकू नका, वाकू नका, ओकू नका, रडू नका. आणि मग दाराशी जाऊन परत फिरून म्हणाले, हसू नका. 'टाके तुटले तर मला सांगायला येऊ नका, तुम्हाला वाट दिसणार नाही.' ते हसत हसत म्हणाले (त्यांना मनाई नव्हती), पण तू माझा हात दाबलास आणि मीही तुझा दाबला. आपल्या तात्यांचा उरलेला एकुलता डोळा एका शिंकेत गेला. ऑपरेशनचा तिसरा दिवस, खोलीत कुणीतरी तपकिरीची डबी उघडली, आणि त्यानंतर अकरा वर्षे तात्या दाराशी कोण आले ते पावलांवरून ओळखत राहिले. त्यांचे निदान पेन्शन सुरू झाले होते. माझी भाकरी अक्षरांतून येते, आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदूने ताक घुसळायला सुरुवात केलेली आहे. म्हणून तर एस.टी. नको, कशेडीच्या घाटात टाके राहायचे नाहीत, बोटीनेच जा, असे ठरले. दुसरा डोळाही बांधला, कारण तो इकडेतिकडे फिरला की त्याच्याबरोबर हा फिरणार. थोडक्यात, एखादे काचेचे भांडे पेंढ्यात घालून पाठवावे तसे तुम्ही मला आप्पांच्या ताब्यात देऊन पाठवलेत.

आप्पांबद्दल मी वाईट बोलणार नाही. भाऊच्या धक्क्यावर त्यांनी मला हाताला धरून नीट वर चढवले, डेकवर सतरंजीपुरती जागा मिळवली, मला उताणे निजवले, उशी फुंकून डोक्याखाली दिली आणि मग बोटीचा भोंगा व्हायच्या आधीच स्वतः माझ्या बाजूला आडवे झाले. बोट अजून दोरांनी बांधलेली होती, अक्का. बांधलेल्या बोटीत ज्याला बोट लागते अशा माणसाने चौदा वेळा मुंबई केली आहे हे त्यांच्या धैर्याचे लक्षण आहे असेच मी म्हणेन.

आता डोळे बांधलेल्या माणसाची एक गंमत सांगतो. त्याला ऐकूही येत नाही असे लोक धरून चालतात. आमच्या उजव्या अंगाला एक बिऱ्हाड होते, म्हणजे एक म्हातारी आणि तिचा भाचा. भाचा लवू, परदेशी मालबोटींवर खलाशी, रजेवर गावी निघालेला. म्हातारीचे नाव गोदूबाई, गाव दाभोळच्या खाडीपलीकडचे अंजनवेल. मी दोघांनाही पाहिले नाही. फक्त आवाज ऐकला. गोदूबाईचा आवाज म्हणजे कोयतीने नारळाचे सोडण सोलावे तसा, सालटी काढत जाणारा. माझ्याबद्दल दोघांची चौकशी सुरू झाली ती माझ्या अंगावरून, आप्पांशी.

"ह्ये कोणाचे म्हणायचे?" गोदूबाईने विचारले.

आप्पांनी अंगात होते नव्हते तेवढे बळ आणून माझे नाव, गाव, आजोळ आणि नोकरी सांगितली. कोकणात एवढे सांगितल्याशिवाय शेजारी निजता येत नाही.

"कोर्टात हायत? मग बरोबर," लवू म्हणाला. "पिच्चरमधल्या कोर्टात ती तराजूवाली बाई असते ना आत्ये, तिचेपण डोळे बांधलेले असतात."

"पर ती उभी असते रे मेल्या," गोदूबाई म्हणाली. "ह्यो आडवा हाय. ह्याची बढती झालेली दिसते."

मी पहिल्यांदा ओठ चावले ते इथे. बोट नुकतीच सुटली होती आणि मला दाभोळ, जयगड करत रत्नागिरी गाठायची होती, हे लक्षात घे.

डाव्या अंगाला घाटावरचे एक जोडपे होते, समुद्र पहिल्यांदाच पाहणारे. नवऱ्याने आल्या आल्या पुढची जागा धरण्याचा हट्ट केला, कारण मागे धक्के जास्त लागतात. बाईने लवूला विचारले, की अहो, बोट चहाला कुठे थांबते? लवूने अतिशय गंभीरपणे सांगितले, महाडला. बाई नवऱ्याला म्हणाली, बघा, मी म्हटले नव्हते, थर्मास तिथेच भरून घेऊ. (महाडला बोट न्यायची तर सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत समुद्र खणावा लागेल, पण ते तिला कुणीही सांगितले नाही. मला वाटते तिचा थर्मास अजूनही रिकामा असेल.) थोड्या वेळाने नवऱ्याला काळजी लागली, की इथे रस्ता चुकला तर विचारायला कुणी भेटत नाही. तेव्हा बाईने त्याला धीर दिला, मागचा रस्ता दिसतो आहे ना, तो पांढरा फेसाचा, त्यावरून परत जाऊ. मी तात्यांची आठवण काढली, डोळ्यांसमोर डॉक्टर आणले, सतराचा पाढा उलटा म्हटला.

आणि मग भावोजींच्या उशीने तोंड उघडले.

अक्का, तुला सुसंस्कृत घरात दिले आहे, तेव्हा तो आवाज कसला होता हे मी लिहिणार नाही. एवढेच सांगतो की बोट लाटेवर चढली की माझ्या डोक्याचा भार उशीवर पडायचा आणि बुचातून जी थोडी थोडी हवा सुटायची, ती निमूट सुटत नसे. आधी बारीक, मग जरा पल्लेदार, आणि शेवटी विचारल्यासारखी वर चढणारी. पहिल्या खेपेला आजूबाजूचे बोलणे थांबले. सभ्य माणसे अशा वेळी जे करतात ते सगळ्यांनी केले, म्हणजे समुद्र पाहिला. दुसऱ्या खेपेला गोदूबाई म्हणाली,

"लवू."

"मी न्हाय आत्ये. आईशप्पत."

"मग काय समुद्रानं केलान?"

"तो आडवा पडलाय ना तिकडचा, तो असेल," लवूने आप्पांवर टाकले. आप्पांना ऐकू आले, पण इन्कार करायला तोंड उघडावे लागते, आणि तोंड उघडणे त्यांना त्या वेळी परवडण्याजोगे नव्हते. त्यांचे मौन ही कबुली धरली गेली. घाटावरच्या बाईने आपली सतरंजी वीतभर सरकवली. पण तिसऱ्या लाटेला आवाज कुठून आला ते दिशेने पक्के कळले असावे, कारण गोदूबाई दया येऊन म्हणाली,

"जाऊं दे रे. डोळं तेवढं बांधलेत बिचाऱ्याचं. बाकी सगळा मोकळा हाय."

मी तोंडात टॉवेल कोंबला. नाकातून श्वास घ्यावा तर तोही हसतच बाहेर येऊ लागला. खांदे हलायला लागले. पट्टीच्या आत काहीतरी टोचल्यासारखे झाले, आणि अक्का, खोटे सांगत नाही, मी घाबरलो. हसू येते आहे आणि त्याच वेळी माणूस घाबरलेला आहे, अशी अवस्था मी जन्मात अनुभवली नव्हती. एकवीस वर्षे लोकांना टोचून बोलत आलो, तात्या म्हणायचे तुझ्या जिभेने तुझे वाटोळे होईल, आणि वाटोळे व्हायचे ते दुसऱ्याच कुणाच्या जिभेने, असे मनात आले. (त्याचेही हसू आले.)

गोदूबाईला वाटले मी रडतो आहे. तिचा आवाज एकदम खाली आला. "रडतोय रे. आपण काय काय बोललो नि त्यानं सगळा ऐकलान." तेव्हा आमच्या आप्पांनी, आणि याबद्दल मी त्यांचे सर्व काही माफ केले आहे, एका कोपरावर उठून सांगितले, की ते रडत नाहीत, हसताहेत, त्यांना हसायला मनाई आहे, टाके तुटतील, डोळा जाईल. एवढे बोलून ते कठड्याकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

"हसायला मनाई?" गोदूबाई म्हणाली. "मग ह्याला माणसांत कशाला आणलात?"

आणि मग तिने माझा ताबा घेतला. उभी राहून सगळ्या डेकला दम भरला, की इकडे डोळ्याला टाके घातलेला माणूस आहे, कुणी चकार शब्द बोलायचा नाही, बोलायचेच असेल तर दुःखाचे बोला. खरे सांगतो अक्का, ज्या बोटीवर कोंबड्याही एकमेकींशी भांडत होत्या, त्या बोटीवर माझ्यासाठी शांतता पसरली. ओळख ना देख, पण शे-दीडशे माणसे माझ्या एका डोळ्यासाठी श्वास धरून बसली. नुसते इंजिन धडधडत होते. त्या शांततेत बोट एका मोठ्या लाटेवर सावकाश चढली, आणि उशीने आयुष्यातला सगळ्यात लांब, सगळ्यात नक्षीदार सूर लावला.

माझ्या तोंडून आवाज फुटणार एवढ्यात मासळीचा वास असलेल्या दोन खरखरीत हातांनी माझा जबडा दोन्हीकडून दाबला. एक हात सुटला, डोक्याखाली गेला, उशी ओढून काढली आणि दाबून पाहिली.

"मेली ही होय!" गोदूबाई म्हणाली. आणि पुन्हा दाबली. मग सगळा डेक हसला, आप्पा कठड्यावरून हसले, घाटावरची बाई हसता हसता थर्माससकट कलंडली असे लवूने मागाहून सांगितले. हसला नाही तो मी एकटा, कारण माझा जबडा तिच्या मुठीत होता आणि ती माझ्या कानाशी म्हणत होती, "तू न्हाय. तू न्हाय हसायचा. माझ्याकडं औषध हाय, ऐक."

औषध असे होते. उशी गेल्यावर माझे डोके टेकायला तिने खाली एक गोधडी सरकवली होती. ती गोधडी तिने दोन पावसाळे बसून मुंबईतल्या लेकासाठी शिवली होती. त्याच्या शाळेतली खाकी चड्डी तिच्यात होती, त्याच्या बापाचा शेवटचा सदरा होता, तिचे स्वतःचे लग्नातले लुगडे होते. महिनाभर राहायचे म्हणून ती गेली. "सुनेनं काय केलान, गोधडी माळ्यावर टाकलान. मी म्हटला असूं दे, थंडी पडंल तवा काढंल. आठव्या दिवशी मी निघाले तर काढून हातात दिलान. म्हणाली, आई, तुमच्याकडं थंडी असेल. थंडी! अंजनवेलात!"

"नि दादा काय म्हणाला?" लवूने विचारले.

"त्यो बाथरूममधी होता."

"किती येळ?"

"मी निघंपर्यंत."

तिने हे सगळे मासळीचे भाव सांगितल्यासारखे सपाट आवाजात सांगितले, आणि मग माझ्या खांद्याला हात लावून पाहिले. खांदे थांबले होते. "बघ, गेला का न्हाय हसू," ती म्हणाली. "आता रडायचा न्हाय. दागतराची त्याला पण मनाई असंल." मी रडलो नाही. ते हसू आवरण्यापेक्षा अवघड गेले, एवढेच तुला सांगतो, भावोजींना सांगू नकोस.

त्यानंतर मला झोप लागली. जाग आली तेव्हा लोक जयगड आले म्हणत होते. उजवीकडचा आवाज नव्हता. दाभोळला किनाऱ्यावर नेणारे पडाव लागले होते, गोदूबाई आणि लवू उतरून गेले होते, आणि गोधडी माझ्या डोक्याखाली तशीच होती. आप्पांनी तिला हाक मारून आठवण केली होती म्हणे. ती पडावातून ओरडली, "झोपलाय त्याला हलवू नका! गोधडीचा काय, कोणाला पायजे होती?"

सहा आठवड्यांनी पट्ट्या, काळे कापड, सगळे उतरले. इथले डॉक्टर म्हणाले, टाके जागच्या जागी आहेत. मथुरेला मी सांगितले आहे की चष्मा लावल्यावर प्रथम तिलाच पाहिले. तुला म्हणून सांगतो, आधी दिसली ती पायथ्याची गोधडी. खाकी, पांढरा, आणि मधोमध हिरव्या लुगड्याचा काठ. टाका असा बारीक आणि सरळ की मी एवढ्या नकला केल्या, माझी ओळ कधी इतकी सरळ गेली नाही. ज्या बाईने हा डोळा राखला तिची शिवण मी पाहिली, तोंड पाहिले नव्हते.

म्हणून डॉक्टरांना विचारून (आता धक्के चालतील, वाकणे नाही) चिपळूण, गुहागर करत मी अंजनवेलला गेलो. कोर्टातल्या माणसाला शोभणार नाही अशी चूक केली, नुसत्या नावावर गेलो. गावात गोदूबाया तीन. लवू बोटीवर परत गेलेला. पहिलीच्या ओटीवर गेलो, ती म्हणाली मी नव्हे. दुसरी म्हणाली, मी नव्हे, पण बसा, चहा घ्या. तिसरी बंदरावर गेली होती. बंदरावर तर पंधरा बायका मासळी निवडत बसलेल्या, आणि सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मग मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि उभा राहिलो. दहा मिनिटे. लोक जमू लागले. कुणी म्हणाले देव अंगात येतो आहे. कुणी म्हणाले जमिनीच्या मोजणीला आला असेल. आणि मग डावीकडून ऐकू आले, "मेल्या, काटा धरतोस का पाळणा हलवतोस?" मी डोळे न उघडता तिकडे चालू लागलो आणि एका टोपलीत पाय घातला.

तिने मला मुळीच ओळखले नाही. वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, कोणाचे तुम्ही? मी पुन्हा डोळे मिटले आणि मान मागे टाकली. तेव्हा ती म्हणाली, "आगो बाय! ह्यो तर आपला आडवा!"

बुटकी आहे, अक्का. तो आवाज ऐकून मला वाटले होते ताडासारखी असेल.

मी गोधडी पुढे केली. तिने हात मागे घेतले, माळ्यावर टाकायला माझ्याकडे माळासुद्धा नाही म्हणाली. तेव्हा मी जे खरे होते ते सांगितले, की मला ती परत द्यायचीच नव्हती, ती मला लागते, तिच्याशिवाय झोप येत नाही आणि दुसरा डोळा अजून व्हायचा आहे. फक्त न विचारता ठेवून घेणे बरे दिसेना. तिने गोधडीची घडी माझ्या काखेत नीट सरकवली. मग म्हणाली, "मग येवढ्या लांब घेऊन कशाला आलास, वेड्या?" आणि मासळी तोलणाऱ्या काटेवाल्याशी पुन्हा भांडू लागली, पण आवाजाला आता धार नव्हती.

असो. पत्र फार लांबले. भावोजींना नमस्कार. बारा दिवसांचे आभार मानले असते तर तू रागावली असतीस, म्हणून सबंध पत्रभर उशीवरून भांडलो.

तुझा धाकटा,
भिकाजी

ता. क. भावोजींविरुद्धची तक्रार मी मागे घेत आहे, कारण मुद्देमाल फिर्यादीकडे राहिलेला नाही. उशी अंजनवेलला आहे. निघताना मी ती गोदूबाईच्या ओटीवर ठेवली. ती पाहुण्यांना आधी बसायला देते आणि मग गंभीर चेहऱ्याने समुद्राकडे पाहते, असे कळते. भावोजींना उशी बोटीत फुटली असे सांगावे. खोटे बोलण्याची जबाबदारी माझी.

आणखी ता. क. दुसऱ्या डोळ्याला शिमग्यानंतरची तारीख दिली आहे. उशी लागणार नाही, गोधडी घेऊन येईन. इस्पितळातले ते स्टूल मात्र अजून तीन पायांचेच असेल. पुन्हा बारा दिवस बसशील का? हे विचारायलाच पत्राला बसलो होतो आणि नऊ पाने भलतेच लिहीत गेलो.

शेवटचा ता. क. वर उशिराचे कारण येईल म्हटले होते ते राहिले. नव्या डोळ्याने पहिले पत्र तुला लिहायचे ठरवले होते, पण पहिले हे नव्हे. पहिले मी अंजनवेलच्या त्या ओटीवर बसून लिहिले, तिच्या लेकाला, तिने सांगितले तसे, माझ्याकडून एक अक्षरही न घालता. सावकाश लिहिले, ओळ तिच्या टाक्यासारखी सरळ यावी म्हणून. मजकूर दीड ओळीचाच होता. 'आम्ही बरे आहोत. गोधडीची काळजी करू नये, ती एका माणसाला हवी होती.' गुहागरला एस.टी.त चढण्याआधी तिकीट लावून पेटीत टाकले.